एर्न्स्ट क्लाड्नी

एर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीडरिख क्लाड्नी (३० नोव्हेंबर, इ.स. १७५६:विटेनबर्ग, सॅक्सनी - ३ एप्रिल, इ.स. १८२७:ब्रेस्लाउ, प्रशिया) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, वाद्यनिर्माते आणि अशनींचे अभ्यासक होते. कंप पावणाऱ्या पत्र्यांवर वाळू पसरून त्यांनी ध्वनीच्या आकृत्या दृश्यरूपात दाखवल्या. या आकृत्या आजही क्लाड्नी आकृत्या या नावाने ओळखल्या जातात आणि या कामामुळे त्यांना ध्वनिकीचे जनक मानले जाते. आकाशातून पडणारे दगड व लोखंडाचे गोळे पृथ्वीबाहेरून येतात, हे मत त्यांनी इ.स. १७९४ मध्ये पुराव्यांनिशी मांडले. त्या काळी बहुतेक विद्वान अशा घटनांना अडाणी लोकांच्या कल्पना समजत असत. पुढील दहा वर्षांत क्लाड्नींचे मुख्य मत युरोपात मान्य झाले आणि त्यातून अशनीविज्ञान ही स्वतंत्र ज्ञानशाखा उभी राहिली. हे दगड त्यांच्या मूळ ठिकाणाहून अवकाशात कसे फेकले जातात, हा त्यांच्या सिद्धांतातून निर्माण झालेला प्रश्न सुटण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

कुटुंब व शिक्षण

क्लाड्नींचे घराणे मूळचे तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील, आज स्लोव्हाकियात असलेल्या प्रदेशातले होते. प्रॉटेस्टंट पंथाचे असल्यामुळे या घराण्यातील पूर्वज सतराव्या शतकात सॅक्सनीत येऊन स्थायिक झाले. घराण्यात धर्मशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापनाची परंपरा होती. वडील एर्न्स्ट मार्टिन क्लाड्नी हे विटेनबर्ग विद्यापीठात विधीचे प्राध्यापक होते. ते अत्यंत शिस्तप्रिय होते आणि एकुलत्या एका मुलावर त्यांची सतत नजर असे. क्लाड्नींचे बालपण त्यामुळे बंदिस्त वातावरणात गेले. घराबाहेर मोकळेपणाने हिंडण्याची मुभा नसलेला हा मुलगा नकाशे आणि प्रवासवर्णने वाचण्यात रमत असे. पुढे ग्रिमा येथील निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले.

निसर्गविज्ञानाची ओढ असूनही वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी विटेनबर्ग आणि लाइपझिग येथे विधी व तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. इ.स. १७८२ मध्ये त्यांनी लाइपझिग येथे विधीची पदवी मिळवली. त्याच सुमारास वडिलांचे निधन झाले. त्यानंतर क्लाड्नींनी वकिलीचा विचार सोडून दिला आणि ते पूर्णपणे विज्ञानाकडे वळले. विद्यापीठात कायमस्वरूपी नोकरी मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत आणि आयुष्यभर त्यांना उत्पन्नाचे स्थिर साधन लाभले नाही. विधीचे शिक्षण मात्र वाया गेले नाही. साक्षीदारांचे जबाब ताडून पाहणे, परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षींतील साम्य शोधणे आणि साक्षीदाराला खोटे बोलण्याचे काही कारण होते का याचा विचार करणे, ही पद्धत त्यांना पुढे अशनींच्या अभ्यासात उपयोगी पडली.

ध्वनीचा अभ्यास

क्लाड्नी लहानपणापासून संगीताचे चाहते होते, परंतु वादन शिकण्यास त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षानंतरच सुरुवात केली. संगीताच्या अभ्यासातून त्यांचे लक्ष ध्वनीच्या भौतिकीकडे गेले. तारांच्या कंपनांचा गणिती अभ्यास तोपर्यंत बराच पुढे गेला होता. पत्रे, घंटा आणि दांडे यांच्या कंपनांविषयी मात्र फारशी माहिती नव्हती.

ग्योटिंगेन येथील भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग यांनी विद्युत्‌भारित राळेच्या पृष्ठावर भुकटी टाकून विद्युत् विसर्जनाच्या आकृत्या मिळवल्या होत्या. त्यावरून क्लाड्नींना आपल्या प्रयोगाची कल्पना सुचली. त्यांनी काचेचा किंवा धातूचा पत्रा एका ठिकाणी घट्ट धरला, त्यावर बारीक वाळू पसरली आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला. पत्रा कंप पावू लागताच जेथे कंपन अधिक होते तेथून वाळू उडाली आणि जो भाग स्थिर होता तेथे ती साचली. या स्थिर भागांना निस्पंद रेषा म्हणतात. पत्रा कुठे धरला आहे आणि गज कुठे ओढला आहे यांनुसार तारे, वर्तुळे, जाळ्या अशा निरनिराळ्या सममित आकृत्या तयार होतात. पीठ पसरलेल्या काचेवरील अशा आकृत्या रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात पाहिल्या होत्या, परंतु त्यांचा पद्धतशीर अभ्यास क्लाड्नींनी प्रथम केला. हे संशोधन त्यांनी इ.स. १७८७ मध्ये लाइपझिग येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

पुढील काळात त्यांनी दांड्यांमधील अनुदैर्घ्य व पिळाच्या कंपनांचा अभ्यास केला. दांड्यातून निघणाऱ्या स्वरावरून घन पदार्थातील ध्वनीचा वेग काढण्याची रीत त्यांनी दिली. ऑर्गनच्या नळ्यांमध्ये निरनिराळे वायू भरून त्यांनी वायूंमधील ध्वनीचा वेगही काढला. हे सर्व काम इ.स. १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिकीवरील त्यांच्या ग्रंथात एकत्रित आले.

वाद्ये आणि प्रवास

नोकरी नसल्यामुळे उपजीविकेसाठी क्लाड्नींनी प्रवास करून व्याख्याने देण्याचा मार्ग पत्करला. व्याख्यानांना श्रोते यावेत म्हणून त्यांनी स्वतःची वाद्ये तयार केली. इ.स. १७९० मध्ये त्यांनी ‘युफोन’ हे वाद्य बनवले. त्यात काचेच्या दांड्या ओल्या बोटांनी घासून स्वर काढले जात. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांनी ‘क्लाव्हिसिलिंडर’ हे पट्ट्यांचे वाद्य तयार केले. त्यात फिरणाऱ्या ओल्या काचेच्या नळकांड्यामुळे स्वर निर्माण होत असे. स्वतःच्या घोडागाडीत वाद्ये, पत्रे आणि वाळू घेऊन ते जर्मन राज्ये, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, फ्रान्स आणि इटली येथे हिंडले. पुढे अशनींचे नमुनेही या सामानात आले आणि व्याख्यानांमध्ये ते श्रोत्यांना दाखवले जाऊ लागले.

इ.स. १८०९ च्या फेब्रुवारीत पॅरिस येथे त्यांनी नेपोलियनसमोर आपले प्रयोग करून दाखवले. ध्वनिकीच्या ग्रंथाची फ्रेंच आवृत्ती तयार करण्यासाठी नेपोलियनने त्यांना ६,००० फ्रँक दिले. पत्र्यांच्या कंपनांचे गणित मांडणाऱ्यास ३,००० फ्रँकचे पारितोषिकही जाहीर झाले. इ.स. १८१६ मध्ये हे पारितोषिक सोफी जेरमँ या गणितज्ञ महिलेने मिळवले.

अशनींविषयीची तत्कालीन मते

आकाशातून दगड पडल्याच्या नोंदी प्राचीन काळापासून अनेक देशांत आढळतात. तरीही अठराव्या शतकातील युरोपीय विद्वानांना त्या खऱ्या वाटत नव्हत्या. यामागे दोन प्रमुख कारणे होती. पहिले म्हणजे ग्रह, उपग्रह व धूमकेतू सोडले तर अवकाश रिकामे आहे, ही न्यूटनच्या काळापासून रूढ झालेली समजूत. लहान दगड भटकत असतील अशी जागाच या विश्वचित्रात नव्हती. दुसरे कारण म्हणजे दगड पडताना पाहणारे लोक बहुधा शेतकरी, गुराखी किंवा मजूर असत. अंधश्रद्धांविरुद्ध लढणाऱ्या प्रबोधनयुगातील विद्वानांना त्यांची साक्ष चमत्कारांच्या कथांहून वेगळी वाटत नसे.

इ.स. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे या गावी शेतात काम करणाऱ्या लोकांनी एक दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या दगडाचे परीक्षण तिघांवर सोपवले. त्यांत तरुण रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हवाझिए यांचा समावेश होता. हा दगड पृथ्वीवरचाच असून त्यावर वीज पडली असावी, असा निष्कर्ष या तिघांनी काढला. क्रोएशियातील ह्राश्चिना येथे इ.स. १७५१ मध्ये लोखंडाचे दोन गोळे पडले होते. झाग्रेबच्या धर्मपीठाने साक्षीदारांचे शपथेवर जबाबही घेतले होते. तरीही व्हिएन्नाचे आंद्रेआस श्ट्युट्झ यांनी इ.स. १७९० मध्ये ही कथा विश्वास ठेवण्याजोगी नसल्याचे लिहिले. त्याच वर्षी फ्रान्समधील बार्बोतां परिसरात दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा नगराधिकाऱ्यांनी स्थानिक लोकांच्या सह्यांसह पाठवलेल्या निवेदनाची विद्वानांनी थट्टा केली.

ग्योटिंगेन येथील शोध

इ.स. १७९३ च्या आरंभी क्लाड्नी व्याख्यानांसाठी ग्योटिंगेन येथे गेले असता त्यांची लिश्टेनबर्ग यांच्याशी भेट झाली. लिश्टेनबर्ग यांनी इ.स. १७९१ मध्ये स्वतः एक अग्निगोल पाहिला होता. आकाशात दिसणारे हे तेजस्वी गोळे वातावरणातील विजेचा प्रकार आहेत की बाहेरून येणारे पदार्थ आहेत, याविषयी दोघांची चर्चा झाली. अग्निगोल अवकाशातून येत असावेत, ही शक्यता लिश्टेनबर्ग यांनी बोलून दाखवली.

या चर्चेने प्रेरित होऊन क्लाड्नींनी आपला मुक्काम वाढवला आणि सुमारे तीन आठवडे ग्योटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या नोंदी तपासल्या. वेगवेगळ्या शतकांतील आणि देशांतील अग्निगोलांची व दगड पडल्याची वर्णने त्यांनी गोळा केली. एकमेकांना न ओळखणाऱ्या आणि वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या साक्षीदारांनी सांगितलेल्या गोष्टी सारख्याच होत्या. आकाशात प्रखर प्रकाश, तोफेसारखे आवाज, नंतर शिट्टी किंवा गडगडाट आणि शेवटी जमिनीत रुतलेला, बाहेरून काळी साय असलेला जड दगड, असा क्रम पुन्हा पुन्हा आढळत होता. हे लोक खरोखर घडलेल्या घटनेचेच वर्णन करत आहेत, अशी क्लाड्नींची खात्री झाली.

इ.स. १७९४ चा ग्रंथ

क्लाड्नींनी आपले निष्कर्ष इ.स. १७९४ मध्ये रिगा व लाइपझिग येथून प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ग्रंथात मांडले. त्याची पाने केवळ ६३ होती. ग्रंथाच्या शीर्षकात पेटर सिमोन पालास यांना सापडलेल्या लोखंडाचा उल्लेख होता. सायबेरियातील क्रास्नोयार्स्कच्या दक्षिणेकडील डोंगरावर याकोव मेदवेदेव्ह या लोहाराला इ.स. १७४९ मध्ये सुमारे ७०० किलोग्रॅम वजनाचा लोखंडाचा गोळा आढळला होता. इ.स. १७७२ मध्ये पालास यांनी तो पाहिला आणि पुढे तो सेंट पीटर्सबर्गला पाठवण्यात आला. या लोखंडाच्या पोकळ्यांमध्ये ऑलिव्हीन या खनिजाचे पिवळसर, पारदर्शक स्फटिक होते. तेथील तातार लोक हा गोळा आकाशातून पडल्याचे मानत.

या गोळ्याच्या उत्पत्तीची त्या काळी सुचवली जाणारी स्पष्टीकरणे क्लाड्नींनी एकेक करून तपासली. परिसरात असा गोळा ओतू शकेल अशी भट्टी नव्हती आणि मानवी भट्टीत लोखंडासोबत असे स्फटिक तयार होत नाहीत. जवळपास ज्वालामुखी नव्हता. विजेमुळे खडक वितळून एवढे शुद्ध लोखंड तयार होणे संभवत नव्हते. दक्षिण अमेरिकेत कॅम्पो देल सिएलो येथे खडकांपासून दूर, मोकळ्या मैदानात सापडलेल्या लोखंडाच्या प्रचंड गोळ्यालाही हेच मुद्दे लागू पडत होते.

यावरून त्यांनी तीन विधाने केली. पहिले, आकाशातून दगड व लोखंड खरोखर पडतात. दुसरे, अग्निगोल म्हणजे असेच पदार्थ असून हवेशी होणाऱ्या घर्षणामुळे ते तापून उजळतात. दूरदूरच्या ठिकाणांहून झालेल्या निरीक्षणांवरून अग्निगोलांची उंची आणि वेग काढता येत होते. हा वेग केवळ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे खाली पडणाऱ्या वस्तूच्या वेगापेक्षा फार अधिक होता, त्यामुळे हे पदार्थ पृथ्वीवर किंवा तिच्या वातावरणात तयार झालेले असू शकत नव्हते. तिसरे विधान म्हणजे हे पदार्थ अवकाशातून येतात. ग्रहांच्या निर्मितीच्या वेळी कोणत्याही ग्रहात सामावले न गेलेले द्रव्य, अथवा एखाद्या फुटलेल्या ग्रहाचे तुकडे, असे त्यांच्या उगमाचे दोन पर्याय क्लाड्नींनी सुचवले. ग्रह कोणत्या कारणाने फुटू शकेल किंवा त्याचे तुकडे अवकाशात कसे जातील, याचे स्पष्टीकरण देण्यास त्या काळी कोणतीही भौतिक माहिती उपलब्ध नव्हती.

विरोध आणि मान्यता

ग्रंथावर सुरुवातीला कठोर टीका झाली. खुद्द लिश्टेनबर्ग यांनाही तो प्रथम रुचला नाही. क्लाड्नींनी स्वतः एकही दगड पडताना पाहिला नव्हता आणि त्यांचा सर्व पुरावा कागदोपत्री होता, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप होता. परंतु ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच काळात अशा घटना एकामागून एक घडल्या.

१६ जून, इ.स. १७९४ रोजी इटलीतील सिएना शहराजवळ दगडांचा वर्षाव झाला. ही घटना पाहणाऱ्यांत सुशिक्षित नागरिक आणि परदेशी प्रवासी होते, त्यामुळे ती नाकारणे कठीण झाले. आदल्याच दिवशी व्हेसूव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, म्हणून अनेकांनी हे दगड तेथून उडाले असावेत असे मानले. हा ज्वालामुखी मात्र सिएनापासून ३०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. १३ डिसेंबर, इ.स. १७९५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात वोल्ड कॉटेज येथे सुमारे २५ किलोग्रॅम वजनाचा दगड पडला. तेथे कोणताही ज्वालामुखी नव्हता. जमिनीचे मालक एडवर्ड टॉपहॅम यांनी साक्षीदारांचे जबाब नोंदवले आणि तो दगड लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवला.

निर्णायक पुराव्यांपैकी एक भारतातून मिळाला. डिसेंबर, इ.स. १७९८ मध्ये बनारसजवळील क्राखुत या गावी अग्निगोल दिसून दगड पडले. जॉन लॉइड विल्यम्स यांनी या घटनेची माहिती व नमुने लंडनला पाठवले. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या सूचनेवरून रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी बनारस, वोल्ड कॉटेज, सिएना आणि बोहेमियातील टाबोर येथील दगडांचे विश्लेषण केले. हजारो किलोमीटर अंतरावर पडलेल्या या दगडांची घडण एकमेकांशी जुळत होती. त्यांतील लोखंडाच्या कणांमध्ये निकेल हा धातू होता. पालास यांच्या लोखंडातही निकेल आढळले. हॉवर्ड यांचा अहवाल इ.स. १८०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

२६ एप्रिल, इ.स. १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल या गावाच्या परिसरात सुमारे ३,००० दगड पडले. शासनाच्या वतीने तरुण भौतिकशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त ब्यो यांनी तेथे जाऊन तपास केला. खेड्यांतील निरनिराळ्या स्तरांतील लोकांच्या साक्षी त्यांनी घेतल्या, दगड पडलेल्या प्रदेशाचा नकाशा तयार केला आणि असे दगड त्या भागातील खाणींत किंवा भट्ट्यांत आढळत नसल्याचे दाखवले. या अहवालानंतर दगड आकाशातून पडतात याविषयी वाद उरला नाही. क्लाड्नींनी ग्रंथालयात बसून केलेले साक्षींचे परीक्षण ब्यो यांनी प्रत्यक्ष घटनास्थळी केले होते आणि दोघांचे उत्तर एकच आले होते.

उगमाचा वाद

दगड पडतात हे मान्य झाल्यावर ते कोठून येतात यावर वाद सुरू झाला. विल्यम हर्शेल यांनी इ.स. १७८७ मध्ये चंद्रावर ज्वालामुखी पाहिल्याचे जाहीर केले होते. चंद्रावर वातावरण नाही आणि त्याचे गुरुत्वाकर्षणही कमी आहे, म्हणून तेथील ज्वालामुखीतून उडालेले दगड पृथ्वीपर्यंत पोहोचू शकतील, असे हाइनरिख ओल्बर्स यांनी सुचवले. पिएर-सिमाँ लाप्लास यांनीही इ.स. १८०२ मध्ये ही कल्पना मांडली. चंद्राच्या पृष्ठभागावरील मुक्तिवेग सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर आहे. हा वेग तोफगोळ्याच्या वेगाच्या काही पटच असल्यामुळे ज्वालामुखीला तो गाठणे शक्य असेल, असे गणितज्ञांना वाटले.

काही काळ क्लाड्नींचाही कल चांद्र उगमाकडे झुकला होता. परंतु अग्निगोलांचे वेग चंद्रावरून येणाऱ्या दगडांच्या मानाने फार अधिक आहेत, हा मुद्दा त्यांना महत्त्वाचा वाटत राहिला आणि अखेर ते आपल्या मूळ मताकडे परतले. दरम्यान इ.स. १८०१ मध्ये सेरेस आणि त्यानंतर पालास हे लघुग्रह सापडले होते. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लहान खगोल आहेत हे त्यामुळे कळले आणि अवकाश रिकामे असल्याची समजूत मागे पडली. हर्शेल यांना दिसलेले चंद्रावरील ज्वालामुखी पुढे भ्रम ठरले. चंद्रावरील विवरे प्रामुख्याने आघातांमुळे झाली आहेत, हे मात्र विसाव्या शतकातच मान्य झाले.

उत्तरायुष्य

इ.स. १८१३ मध्ये नेपोलियनच्या युद्धांदरम्यान विटेनबर्गला वेढा पडला. शहराचे मोठे नुकसान झाले आणि क्लाड्नी जवळच्या केमबेर्ग या लहान गावी राहू लागले. काही वर्षांतच विटेनबर्ग विद्यापीठाचेही हाले येथील विद्यापीठात विलीनीकरण झाले. क्लाड्नींनी विवाह केला नाही. वर्षातील बराच काळ ते प्रवासात असत. जेथे जात तेथील संग्रहांतील अशनी पाहत आणि स्वतःच्या संग्रहासाठी नमुने मिळवत.

इ.स. १८१९ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचा अग्निगोल व त्यांच्यासोबत पडणाऱ्या पदार्थांवरील बृहद् ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीन काळापासून झालेल्या अशनिपातांची कालानुक्रमे सूची त्यात होती. व्हिएन्ना येथील संग्रहाचे प्रमुख कार्ल फॉन श्रायबर्स यांनी या ग्रंथाला जोडून अशनींच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले.

३ एप्रिल, इ.स. १८२७ रोजी ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्ह्रोत्स्वाफ) येथे व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना क्लाड्नींचे अकस्मात निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा अशनिसंग्रह बर्लिन विद्यापीठाला देण्यात आला. तो आता बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

ग्रहांवरून सुटणारे दगड

क्लाड्नींच्या हयातीतच, ३ ऑक्टोबर, इ.स. १८१५ रोजी फ्रान्समधील शासिन्यी या गावी सुमारे ४ किलोग्रॅम वजनाचा एक वेगळ्या घडणीचा दगड पडला. २५ ऑगस्ट, इ.स. १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे आणि २८ जून, इ.स. १९११ रोजी इजिप्तमधील नाख्ला येथे असेच असामान्य दगड पडले. बहुतेक अशनींचे वय सुमारे ४.५ अब्ज वर्षे असते. हे दगड मात्र त्यांच्या मानाने बरेच तरुण असून वितळलेल्या लाव्हापासून तयार झाले होते. लघुग्रह आकाराने लहान असल्यामुळे फार पूर्वीच थंड झाले आहेत, त्यामुळे हे दगड तेथून आलेले असणे शक्य नव्हते. ते मंगळावरचे असावेत अशी शंका इ.स. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्यक्त होऊ लागली. इ.स. १९८३ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या याच गटातील एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू तपासण्यात आला. व्हायकिंग यानांनी इ.स. १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी तो जुळला. अंटार्क्टिकातच इ.स. १९८२ मध्ये सापडलेला आणखी एक अशनी अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्र खडकांशी जुळला.

ग्रहावरून दगड सुटण्यासाठी त्याला मुक्तिवेग मिळावा लागतो. मंगळासाठी हा वेग सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर आहे. कोणताही ज्ञात ज्वालामुखी दगडाला एवढा वेग देऊ शकत नाही. लघुग्रहाच्या आघातात तेवढी ऊर्जा असते, परंतु दगडाला एवढा वेग देणाऱ्या दाबाने तो वितळून किंवा वाफ होऊन जाईल, असे पूर्वी मानले जात असे. अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ जे मेलॉश यांनी इ.स. १९८४ मध्ये या अडचणीचे उत्तर दिले. आघात होताच जमिनीतून प्रचंड दाबाचा तरंग पसरतो. जमिनीच्या पृष्ठभागावर त्याला रोखणारे काही नसते, त्यामुळे तेथे तो उलट फिरतो आणि दाबाऐवजी ताण निर्माण करतो. पृष्ठभागालगतच्या पातळ थरात मूळ तरंग व परतलेला तरंग एकमेकांचा दाब कमी करतात, परंतु थराला मिळालेला वेग कायम राहतो. परिणामी वरच्या थरातील खडकाचे तुकडे फारसे न वितळता सुटून वेगाने फेकले जातात. कॅरमच्या सोंगट्या एकमेकींना चिकटवून ओळीत ठेवल्या आणि एका टोकाला स्ट्रायकर मारला, तर मधल्या सोंगट्या जवळपास जागीच राहतात आणि दुसऱ्या टोकाची सोंगटी उडते. तिला थोपवणारी सोंगटी पुढे नसल्यामुळे असे होते. पृष्ठभागावरील खडकाची स्थिती काहीशी तशीच असते. मंगळावर सुमारे ३ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा आघातही दगड अवकाशात धाडण्यास पुरेसा असतो, असे इ.स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय गणनांवरून दिसून आले.

अशा आघाताच्या खुणा या दगडांमध्ये आढळतात. शेरघाटीच्या अशनीत फेल्डस्पार या खनिजाचे न वितळता काचेसारख्या पदार्थात रूपांतर झालेले आहे. गुस्टाव चेर्माक यांनी इ.स. १८७२ मध्ये त्याला मास्केलिनाइट हे नाव दिले. प्रचंड दाबाच्या तरंगामुळे हा बदल होतो, हे बऱ्याच नंतर कळले. महाराष्ट्रातील लोणार येथील विवराच्या बेसॉल्ट खडकातही मास्केलिनाइट आढळले असून ते विवर आघातजन्य असल्याच्या पुराव्यांपैकी एक आहे.

बहुसंख्य अशनी लघुग्रहांच्या परस्परांतील टकरींमधून आलेले तुकडे आहेत. क्लाड्नींनी सुचवलेले दोन्ही पर्याय त्यामुळे काही अंशी खरे ठरले आहेत. अनेक अशनी ग्रहनिर्मितीच्या काळापासून फारसे न बदललेले द्रव्य आहेत, तर पालास यांच्या लोखंडासारखे अशनी फुटलेल्या खगोलांच्या अंतर्भागातून आलेले आहेत. लाप्लास व ओल्बर्स यांनी सांगितल्याप्रमाणे चंद्रावरूनही दगड येतात, मात्र त्यांना उडवणारे कारण ज्वालामुखी नसून आघात हे आहे.

सन्मान

चंद्रावरील एका आघात विवराला तसेच एका लघुग्रहाला क्लाड्नी यांचे नाव देण्यात आले आहे. लोखंडी अशनीत सापडलेल्या एका फॉस्फेट खनिजाचे नाव क्लाड्नाइट असे आहे. पालास यांच्या लोखंडाप्रमाणे लोखंड व ऑलिव्हीन यांचे मिश्रण असलेल्या अशनींना पालासाइट म्हणतात. क्लाड्नी आकृत्यांचा उपयोग व्हायोलिन व गिटार यांच्या लाकडी फळ्यांची कंपने तपासण्यासाठी वाद्यनिर्माते आजही करतात.